वाघ्या आणि आवकायची परात

परवा रात्री साडेदहाला हैदराबादहून सूनबाईंचा फोन आला. आवाज रडवेला. "बाबा, ब्रूनोनं ताटातली लोणच्याची पोळी पळवली. काही होईल का हो?" मी तिला काय सांगितलं ते शेवटी लिहितो. त्याआधी आमच्या वाघ्याची गोष्ट, कारण ते उत्तर मला त्याच्यामुळेच ठाऊक होतं.

गाव जैनथ मंडलातलं, साल 1998, मे महिना. आदिलाबादचा मे तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे मराठी घरातसुद्धा दोन लोणची असतात, एक आपलं गूळ-मेथीचं आणि एक आवकाय. 1956 ला जिल्हा आंध्रात गेला तेव्हा भाषा आपण घरात धरून ठेवली, पण बरणी काही धरून ठेवता आली नाही! शेजारच्या अम्मांनी आमच्या आजीला आवकाय शिकवली होती. कोयीच्या कवचासकट फोडलेली कैरी, वाटीच्या मापानं मोहरी पूड, तिखट, मीठ, वर तिळाचं तेल आणि आपल्या भागात घालतात तसं भरपूर आलं-लसूण वाटण. बरण्या भरून झाल्या की परातीला लागलेल्या मसाल्यात गरम भात कालवायचा आणि सगळ्यांनी त्यातच हात घालायचा. त्या भातासाठी आम्ही पोरं सकाळपासून ताटकळत असायचो.

त्या दिवशी भात उरला. परात मागच्या दारी ठेवली कोणी, ते मी कधी घरात कबूल केलं नाही. आज करतो. मीच ठेवली.

वाघ्यानं परात चाटून लख्ख केली. तासाभरात तो हौदावर पाणी प्यायला लागला, थांबेचना. मग ओकाऱ्या. आजी म्हणाली, "लोणच्यानं कुत्रं मरते काय रे? आपल्या वाड्यातले कुत्रे खारातल्या भाकरीवरच वाढले." काकू म्हणाली, "त्याले मिठाचं पानी पाजा, सारं ओकून टाकन." मी तांब्यात दोन मुठी मीठ विरघळवलंही. तेवढ्यात गल्लीतले ढोरांच्या दवाखान्याचे कंपाउंडर आले, त्यांनी तांब्या हातातून घेऊन पाणी अंगणात ओतलं. "मिठानंच तर तहानला आहे, अजून मीठ घालता?" साधं पाणी थोडं थोडं द्या, म्हणाले. कुत्र्याच्या अंगात मीठ फार झालं की मेंदूवर जातं, झटके येतात, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी वाघ्या उठला, शेपूट हलवली. आजी जिंकल्यासारखी बघत होती.

चौथ्या दिवशी तो गोठ्यातून उठेना. हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी कोऱ्या चहासारखी. काकांच्या राजदूतवर मागे बसून, त्याला पोत्यात गुंडाळून मांडीवर घेऊन आदिलाबाद गाठलं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कांदा-लसूण काय खाल्लं?" त्यांनी सांगितलं ते असं: कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. शिजवलेलं असो, कच्चं असो, वाळवून पूड केलेली असो, सारखंच. आणि परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात, म्हणून माणूस फसतो. बारा किलोच्या कुत्र्याला साठ ग्रॅम कांदा, म्हणजे एक लहानसा कांदा, त्रास द्यायला पुरतो. लसूण त्याहून जहाल. वाघ्या साधारण तेवढ्याच वजनाचा. मग त्यांनी पोट चाचपून पाहिलं. कोयीचं कवच आतड्यात अडकलं असतं तर पोट फाडावं लागलं असतं. शिवाय इतकं तेल एकदम पोटात गेलं की स्वादुपिंड सुजतं, ते वेगळंच.

इंजेक्शनं झाली, टॉनिक झालं. पंधरा दिवस त्याच्यात जीव नव्हता. आजी रोज त्याच्यापाशी जाऊन बसायची, बोलायची काही नाही. त्यानंतर ती त्याचा भात मीठ घालायच्या आधीच काढून ठेवायला लागली, त्यात ताक. वाघ्या पुढे सहा वर्षं जगला.

तर सूनबाई. मी विचारलं, ब्रूनोचं वजन किती, लोणचं किती गेलं, लसणाचं होतं का, कोय होती का. लिंबाचं लोणचं, लसूण नाही, पोळीला लागलेला खार तेवढा. म्हटलं, घाबरू नको, पाणी ठेव, रात्री लक्ष ठेव, ओकला किंवा सुस्त पडला तर थेट डॉक्टर. लसणाचं असतं तर आत्ताच फोन लाव म्हणालो असतो, आणि पुढचे चार-पाच दिवस हिरड्या बघायला सांगितल्या असत्या. त्याला काही चटकमटक द्यायचंच असेल तर साधी काकडी दे, बिनमिठाची.

"आणि बाबा, आई म्हणतेय मिठाचं पाणी पाजा..."

"ते आधी ओतून दे," मी म्हणालो.