परतीची उतरण, भर दुपारी

फेब्रुवारीतली गोष्ट. संध्याकाळचे चार वाजत आले होते. माझी नणंद दोन्ही स्की खांद्यावर टाकून ग्रिंडेलवाल्डच्या वरच्या जंगलातून पायी उतरत होती, आणि मी तिच्या मागे तीस पावलांवर उताराला आडवी उभी राहून ओरडत होते, "अगं, चालू नकोस, घसरशील!"

"आणि वहिनी, तू काय करतेयस?" ती मागे न बघता म्हणाली.

मी काहीच करत नव्हते. पंधरा मिनिटं एका जागी उभी होते. पुढचा उतार बाकीच्यांच्या दृष्टीनं काहीच नव्हता. सहा-सात वर्षांची पोरं माझ्या दोन्ही बाजूंनी सूं सूं करत निघून जात होती. मला मात्र तो विहिरीच्या कठड्यावरून आत डोकावल्यासारखा दिसत होता.

मी स्वित्झर्लंडात बाझलला राहते. स्की शिकले तेव्हा वयाची चाळिशी उलटली होती. पाच हिवाळे झाले. निळ्या उतारावर मी मजेत असते, लाल उतारावर दिवस चांगला असेल तर असते. नणंद इंग्लंडातून दर वर्षी आठवडाभर येते. तिचंही साधारण तसंच. माझा नवरा आणि लेक वेगळ्या जातीचे. लेक तर शाळेच्या स्कीलागरमधून, म्हणजे वर्गाच्या स्की-शिबिरातून, शिकून आलेली. त्या दिवशी दोघं "खाली भेटू" म्हणून केव्हाच पुढे गेले होते. ऑफिसातल्या एकानं आधीच सांगितलं होतं, "क्लाइने शायडेगवरून गावात उतरणं एकदम सोपं, सगळेच जातात." सगळेच जातात हे खरं. किती वाजता, कुठल्या पायांनी, हे त्यानं सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

क्लाइने शायडेग ही 2061 मीटरवरची खिंड. डोक्यावर आयगर शिखराची उत्तर भिंत, एका बाजूला खाली ग्रिंडेलवाल्ड, दुसऱ्या बाजूला वेंगेन. ग्रिंडेलवाल्डच्या तळाशी असलेलं ग्रुंड स्टेशन 944 मीटरवर. म्हणजे घरी जायचं तर अकराशे मीटरहून जास्त उतरायचं, तेही दिवसभर स्की करून झाल्यावर. गड चढताना दम लागतो आणि उतरताना गुडघे बोलतात, हे पुण्यात वाढलेल्या मला कोणी सांगायला नको होतं. तरीही बर्फावर आल्यावर विसरले.

जर्मनमध्ये या परतीच्या उताराला 'तालआबफार्ट' म्हणतात. ताल म्हणजे दरी, आबफार्ट म्हणजे उतरण. गंमत अशी की गाडी सुटण्यालाही आबफार्टच म्हणतात. स्टेशनातल्या वेळापत्रकावर तोच शब्द असतो. या शब्दाचे दोन्ही अर्थ माझ्या उपयोगाचे आहेत हे मला त्या संध्याकाळपर्यंत सुचलं नव्हतं.

आम्ही धरलेली वाट नकाशावर निळ्यातून लाल होत होती. स्वित्झर्लंडात रंग तीनच: निळा, लाल, काळा. फ्रान्ससारखा हिरवा रंग इथे सहसा दिसत नाही. निळा म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की साधारण पंचवीस मीटर खाली, लाल म्हणजे चाळीसपर्यंत. अधूनमधून छोटे तुकडे याहून तीव्र असू शकतात. रंग एवढंच सांगतो. वाट रुंद आहे की झाडांमधून चिंचोळी होत जाते, तिथे दुपारनंतर ऊन असतं की सावली, साडेतीनला तिथून किती लोक घरी निघालेले असतात, हे नकाशावर नसतं. रात्री यंत्रांनी पट्टे ओढून सारखा केलेला बर्फ सकाळी कॉर्डुरॉयच्या कापडासारखा दिसतो. दिवसभर हजारो स्की त्यावरून गेल्या की भुसभुशीत बर्फ कडेला ढकलला जाऊन ढिगारे होतात आणि मधे कडक, चकचकीत पाठ उघडी पडते. आयगरच्या बाजूला ऊन लवकर जातं. ऊन गेलं की सावल्या जातात, आणि सावल्या गेल्या की खड्डा कुठला नि उंचवटा कुठला हे डोळ्यांना कळत नाही. गुडघ्यांना कळतं.

तर मी अशी उभी होते. तेवढ्यात वरून लाल जाकिटातला गस्तीचा एक माणूस आला. हे लोक लिफ्ट बंद झाल्यावर शेवटची फेरी मारतात. कोणी मागे राहिलं नाही ना बघतात आणि मग उतार बंद होतो, कारण त्यानंतर बर्फ सारखा करणारी यंत्रं निघतात आणि काहींच्या मागे लांबच्या लांब पोलादी दोर ताणलेला असतो. त्यानं मला काही उपदेश केला नाही. फक्त स्वतः उताराला आडवा उभा राहून, स्कीच्या कडा जराशा सैल करून, घसरत दोन मीटर खाली जाऊन दाखवलं. थांबला. पुन्हा दोन मीटर. हे मला येत होतं! पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, आणि मी ते कमीपणाचं समजून कधी वापरलं नव्हतं. मग नणंदेलाही त्यानं स्की घालायला लावल्या. स्कीच्या बुटांनी कडक बर्फावर चालणं हे कडा असलेल्या स्कीवर उभं राहण्यापेक्षा जास्त धोक्याचं असतं, आणि बुटांचे खड्डे मागच्यांना पाडतात ते वेगळंच. आम्ही दोघी खिडकीची काच पुसणाऱ्या फडक्यासारख्या आडव्या आडव्या घसरत ब्रांडेगपर्यंत आलो. तिथे रेल्वेचं स्टेशन आहे. "पुढची गाडी," तो बोट दाखवून म्हणाला आणि गेला.

गाडीत बसल्यावर नणंद म्हणाली, "वहिनी, ही गाडी सकाळपासून इथेच होती?"

होती. 1893 पासून आहे. वेंगर्नआल्प रेल्वे ही दातेरी रुळावरची छोटी गाडी ग्रिंडेलवाल्डकडून शायडेगला चढते आणि पलीकडे वेंगेनवरून लाउटरब्रुनेनला उतरते. वाटेत आल्पिग्लेन आणि ब्रांडेग ही स्टेशनं. आल्पिग्लेन सोळाशे मीटरच्या जरा वर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून थोडंसंच खाली. स्कीच्या पासात ही गाडी धरलेली असते. आम्ही तिच्यातून फक्त वर जात होतो. खाली येणं आम्हाला हरल्यासारखं वाटत होतं, आणि त्या लाजेपायी आम्ही जंगलात काळोख करून घेतला होता.

त्या रात्री नवऱ्यानं नकाशा पसरला आणि "उद्या मी तुमच्याबरोबर येतो" म्हणाला. मी म्हटलं, नको. घाबरणाऱ्या माणसाला सराईत माणूस सोबत असला की दोन त्रास होतात. एक उताराचा, दुसरा त्याला ताटकळत ठेवतोय याचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी एकच गोष्ट बदलली. परतीची उतरण परतीच्या वेळी न उतरता भर दुपारी, खरं तर दुपारच्या आधी, उतरायची ठरवली. सकाळी गाडीनं वर जाताना डाव्या-उजव्या खिडक्यांशी उभं राहून वाट पाहून घेतली. रूळ आणि उतार बराच वेळ एकमेकांच्या आसपास असतात. कुठे वाट अरुंद होते, कुठे थांबायला सपाट जागा आहे, हे फुकट बघायला मिळतं. वर तासभर ओळखीच्या निळ्या उतारावर पाय मोकळे केले आणि अकराच्या सुमारास निघालो. पहिला मुक्काम आल्पिग्लेन. तिथे एकमेकींना विचारायचं: पुढे की गाडी? दोघींपैकी एकीनं जरी गाडी म्हटलं तर गाडी, चर्चा नाही. दुसरा मुक्काम ब्रांडेग. तिथल्या हॉटेलात सफरचंदाच्या चकत्या पिठात बुडवून तळून देतात, वर दालचिनी-साखर. भज्यांच्या चुलत घराण्यातला पदार्थ. तो खायला मिळणार म्हणून नणंद आल्पिग्लेनला "पुढे" म्हणाली, असा माझा आजही संशय आहे.

काल जिथे मी पंधरा मिनिटं गोठले होते ती जागा मला सापडलीच नाही. दोनदा मागे वळून पाहिलं. उतार तोच होता, पण ऊन होतं, बर्फ अजून उकरला गेला नव्हता, मागून घाईनं येणारं कोणी नव्हतं आणि मांड्यांत जीव होता. मुख्य म्हणजे उतरलंच पाहिजे अशी सक्ती नव्हती.

तिसऱ्या दिवशी वेंगेनची बाजू. ती मला जास्त आवडली. शायडेगवरून वेंगर्नआल्पपर्यंत रुळांच्या सोबतीनं जाता येतं, पुढे आल्मेंड, मग गाव. पश्चिमेकडे तोंड असल्यामुळे दुपारी तिथे ऊन असतं. याच डोंगरावर जानेवारीत लाउबरहॉर्नची शर्यत होते, 1930 पासून. विश्वचषकातली ही सगळ्यात लांब उतरण, जवळजवळ साडेचार किलोमीटरची. 2013 साली योहान क्लारे नावाच्या फ्रेंच स्कीपटूनं इथे ताशी 161.9 किलोमीटर वेग गाठला होता. शर्यतवाले अडीच मिनिटांच्या आसपास खाली पोचतात. आम्हाला, शेजारच्या सोप्या वाटेनं, फोटो धरून, एक तास दहा मिनिटं लागली. वेंगेनमधून रोपवेनं मेन्लिखेनला वर गेलो, तिथल्या रुंद निळ्या उतारावर दोन फेऱ्या मारल्या आणि संध्याकाळी मेन्लिखेनवरून पाळण्यात बसूनच ग्रिंडेलवाल्डला उतरलो. त्या पाळण्यात आमच्यासोबत चार स्कीवाले होते. कोणी कोणाकडे बघितलं नाही. सगळे मोबाइलमध्ये.

चौथ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीत शायडेगला नाशिकचे काका-काकू भेटले. मुलाकडे म्युनिकला आलेले, युंगफ्राउयोख ही वरची बर्फाळ खिंड बघून परतत होते. आमचं मराठी ऐकून काकू सरकून बसल्या. आमच्या बुटांकडे, स्कीकडे बघून झाल्यावर म्हणाल्या, "तुम्हाला येतं ना हे? मग गाडीनं का चाललाय? पाय दुखावला का?"

"नाही हो काकू. संध्याकाळी भीती वाटते."

"मग बरोबर करता," काकू म्हणाल्या आणि पिशवीतून चिवड्याची पुडी काढली. "आम्हीसुद्धा वर त्या नव्या रोपवेनं गेलो. पंधरा मिनिटांत. हे म्हणत होते गाडीनं जाऊ, मजा येते. मी म्हटलं, जाताना घाई, येताना मजा."

मी इतकी वर्षं नेमकं उलटं करत होते.

नवशिक्यांना सांगायचं तर अजून एक राहिलं: वर जायच्या आधी खाली जाणाऱ्या शेवटच्या गाडीच्या आणि पाळण्याच्या वेळेचा फोनवर फोटो काढून ठेवा. लिफ्ट बंद झाल्यावर उतारही बंद होतात. आणि "सोपं आहे" असं सांगणाऱ्याला, तो किती वाजता उतरला होता, ते जरूर विचारा.

शेवटच्या दिवशी आम्ही अकराला निघून ब्रांडेगला न थांबता सरळ ग्रुंडपर्यंत उतरलो. लाल तुकड्यावर मी तीनदा आडवी घसरले, नणंद एकदा बसली. खाली पोचलो तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. मग गाडीनं पुन्हा वर गेलो, सूप प्यायलो, आणि पावणेचारच्या आबफार्टनं, म्हणजे रुळांवरच्या, खाली आलो.