माकुलाची दृष्टी

'रंग बदलणाऱ्या हुशार माशा'विषयी सर्वसामान्य वाचकास समजेल असे काही लिहून द्यावे, असे संपादकांचे पत्र श्रावणात आले, तेव्हा त्या शब्दांपैकी शेवटचे दोन तपासून घेतल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, हे ध्यानी आले. आमच्या किनाऱ्यावर ज्यास माकूल, कोठे कोठे म्हाकूल, म्हणतात आणि नळीसारख्या अंगाच्या आपल्या भावंडासह जो बाजारात एकाच नावाने विकला जातो, तो प्राणी मासा नव्हे. कणा नसलेल्या मृदुकाय प्राण्यांत, म्हणजे तिसऱ्या, कालवे आणि गोगलगाय यांच्या गोतात त्याची गणना होते. त्याला तीन हृदये असतात, तांब्याच्या संयुगामुळे त्याचे रक्त निळसर असते, आणि आठ बाहूंच्या आत दडवलेले दोन लांब शुंड तो कोळंबीवर इतक्या त्वरेने फेकतो की, पाहणाऱ्यास कोळंबी होती आणि नाहीशी झाली एवढेच उमगते.

हुशारीकडे मी नंतर येतो. आधी गेल्या कार्तिकातील एक प्रसंग सांगितला पाहिजे, कारण हा लेख खरोखरी त्याच्यापायी लिहिला जात आहे. एका परिचित तांडेलाने बंदरावर मला हाक मारून नारळीची एक सुकी पोय हाती दिली. तिच्या काड्याकाड्यांना पांढुरक्या द्राक्षांच्या घोसासारखी माकुलाची अंडी लगडली होती. "डॉक्टर, घेऊन जावा, नायतर पाण्यात परत टाकायची," एवढेच तो म्हणाला. मी ती घेऊन टाकीत ठेवली. सुमारे दोन आठवड्यांत अंड्यांचे वेष्टन ताणून पारदर्शक झाले, आतील जिवांचे डोळे दिसू लागले, आणि पुढे बोटाच्या नखावर मावतील एवढी पिले बाहेर पडली. टाकीच्या अर्ध्या तळाशी वाळू होती, अर्ध्या तळाशी काळसर खडे. वाळूवरची पिले वाळूसारखी झाली, खड्यांवरची खड्यांसारखी. हे पाहायला आलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, यांना रंग दिसत नाहीत ना? मग वाळूवर ती नुसती फिकट न होता पिवळसर का झाली?"

मी तिला उत्तर दिले, आणि ते चुकीचे नव्हते. परंतु त्या उत्तराने माझेच समाधान झाले नाही, हे घरी आल्यावर जाणवले. ते उत्तर येथे सविस्तर देतो.

माकुलाच्या त्वचेत रंगद्रव्याने भरलेल्या लवचीक सूक्ष्म पिशव्या असतात. युरोपीय समुद्रातील जातीत चौरस मिलिमीटरमध्ये त्या दोनशेपर्यंतही आढळतात. प्रत्येक पिशवीभोवती अरीय स्नायू असतात. ते आकुंचन पावले की पिशवी ताणून रंगाचा ठिपका पसरतो, सैल पडले की तो बिंदूएवढा होतो. या स्नायूंना हुकूम थेट मेंदूकडून मज्जातंतूंवाटे येतो, मध्ये रक्तातील संप्रेरकांची दिरंगाई नाही, म्हणूनच सरड्यास ज्या कामास बराच अवधी लागतो ते येथे पापणी लवण्याच्या आत उरकते. पिशव्यांतील रंग मात्र मोजके: पिवळा, तांबूस आणि तपकिरी. निळी-हिरवी झाक त्यांच्याखालच्या, प्रकाश परावर्तित करणाऱ्या पेशींची असते, आणि पांढरेपणा आणखी खालच्या, प्रकाश विखुरणाऱ्या पेशींचा. त्याखेरीज त्वचेवर हव्या तेथे फुगवटे उठवून शेवाळाचा खरखरीतपणाही आणता येतो.

अशा या चित्रकाराच्या नेत्रपटलात रंग ओळखण्याचे द्रव्य एकच आहे. ते सुमारे 492 नॅनोमीटर लांबीच्या, म्हणजे निळ्या-हिरव्याच्या सीमेवरील प्रकाशास सर्वाधिक दाद देते. रंगांचा भेद करण्यास किमान दोन द्रव्यांची तुलना लागते. एकट्या साक्षीदारावरून निवाडा होत नाही. अमेरिकेतील वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेतील संशोधकांनी 2006 साली याचा जो दाखला प्रसिद्ध केला, तो मला आजही निर्णायक वाटतो. काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या पटावर माकूल ठेवले की त्याच्या पाठीवर ठळक गडद-फिकट पट्टे उमटतात. त्यांनी निळ्या-पिवळ्या चौकटींचा पट केला, आणि दोन्ही रंगांची उजळता माकुलाच्या डोळ्यास सारखीच भासेल अशी तजवीज केली. माकुलाने पट्टे उमटवलेच नाहीत. त्याच्या लेखी तो पट कोराच होता.

येथेच प्रकरण मिटावयास हवे होते. परंतु 2016 साली अलेक्झांडर स्टब्स आणि क्रिस्टोफर स्टब्स या पितापुत्रांनी निराळीच उपपत्ती मांडली. भिंगातून जाताना निरनिराळ्या रंगांचे किरण निरनिराळ्या अंतरावर एकवटतात, हा भिंगाचा दोष. माकुलाची बाहुली इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखी विचित्र आकाराची असल्याने हा दोष अधिकच वाढतो. तेव्हा डोळ्याचे भिंग मागेपुढे करून, कोणत्या अंतरावर प्रतिमा रेखीव होते यावरून, एकाच द्रव्याच्या डोळ्यासही रंग ताडता येईल, असा त्यांचा हिशेब. त्यावर लगोलग आक्षेप निघाले: नैसर्गिक दृश्याच्या धामधुमीत असा हिशेब चालेल कसा? माझे मत आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूचे आहे, कारण एखादी यंत्रणा संभवनीय असणे आणि प्राण्याने ती प्रत्यक्ष वापरणे यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर प्रयोगानेच काटावे लागते. त्वचेतही प्रकाशग्राही प्रथिनाची जनुके कार्यरत असल्याचे 2010 साली आढळले, तेव्हा 'कातडीने पाहणारा प्राणी' अशी वर्णने छापून आली. पण ते द्रव्यही डोळ्यातल्यासारखेच, म्हणजे साक्षीदार पुन्हा एकटाच, ही गोष्ट सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही.

मी त्या मुलीस सांगितले ते असे. समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश प्रथम शोषून घेते. थोड्या खोलीनंतर रंगाचे राज्य संपून उजळता आणि छाया एवढेच उरते. वाळू, खडक, शेवाळ यांचे रंग पिवळ्या-तपकिरीच्या मुलखातलेच, आणि माकुलाच्या त्वचेतील रंगही तेच. दीर्घ निवडीने हाती दिलेली पेटीच अशी आहे की, त्याने केवळ उजळता बरोबर साधली तरी रंग बहुधा आपोआप जुळतो. हे मी पंचवीस वर्षे शिकवले. परंतु 'बहुधा' हा शब्द त्या दिवशी मला खुपला.

लोकांचा गैरसमज मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. किनाऱ्यावर सापडणाऱ्या पांढऱ्या, होडीच्या आकाराच्या फळीस आपण समुद्रफेस म्हणतो; ती उगाळून कान वाहण्यावर देतात, पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात, आणि लाटांचा फेस वाळून ती झाली असे आजही शिकलेली माणसे मला सांगतात. ते माकुलाच्या अंगातील कवच आहे, आणि माझ्या दृष्टीने त्याच्या त्वचेइतकेच अद्भुत आहे. चुन्याच्या पातळ पापुद्र्यांनी त्यात कप्प्यांवर कप्पे झालेले असतात. डेंटन व गिल्पिन-ब्राऊन यांनी इंग्लंडात प्लिमथ येथे दाखवले की, प्राणी कप्प्यांतील पाण्यातून क्षार ओढून घेतो, त्यामागोमाग पाणी निघते, रिकाम्या जागी वायू हळूहळू शिरतो. आणि अशा रीतीने तो आपले वजन पाण्याशी तोलून धरतो.

आता हुशारी. 2021 साली सहा माकुलांनी आवडत्या जिवंत कोळंबीसाठी समोरचे कमी आवडीचे खाद्य तब्बल 130 सेकंदांपर्यंत सोडून दिले, हा प्रयोग बराच गाजला. तो उत्तम आहे. पण बालकाच्या संयमाशी त्याची तुलना करून लोक थांबतात, याचे वाईट वाटते. जो प्राणी जेमतेम एकदोन वर्षे जगतो, आईबाप पाहत नाही आणि तरीही, 2008 च्या एका प्रयोगात दिसले त्याप्रमाणे, अंड्याच्या आतूनच पाहिलेले खेकडे बाहेर आल्यावर भक्ष्य म्हणून पसंत करतो, त्याची मोजपट्टी आपल्या घरातून आणू नये.

आणि म्हणूनच ती पोय मला स्वस्थ बसू देत नाही. कर्नाटक-गोव्याच्या समुद्रात नारळीच्या पोयींचे जुडगे वजन बांधून सोडतात. आडोसा शोधणारी माकुले अंडी घालण्यास तेथे जमतात आणि गळाला लागतात. विणीच्या ऐन घटकेस आई धरली जाते, आणि जुडगे वर काढले तर अंडीही जातात. गळ टाकणाऱ्यास मी दोष देत नाही. त्याचेही पोट त्याच पाण्यावर आहे. परंतु विणीच्या काळात निदान अंडी लागलेली पोय पाण्यात राहू द्यावी, असा सविस्तर मसुदा मी एका दफ्तरास धाडला होता. त्याची पोच आली, उत्तर आले नाही.

उरलेली अंडी मी तांडेलाच्याच होडीतून खडकाळ तळावर परत सोडली. यंदाच्या हंगामासाठी टाकी धुऊन ठेवली आहे. अर्ध्या तळाशी वाळू, आणि उरलेल्या अर्ध्यात, त्या मुलीने वेचून आणलेले हिरवट खडे, ज्यांची उजळता आम्ही दोघांनी मोजून वाळूइतकीच असल्याची खात्री करून घेतली आहे.