उंट बांधायचा की नाही?

गेल्या महिन्यात आमच्या घरात एका कागदावरून आठ दिवस वाद चालला. तो कागद म्हणजे घराच्या विम्याचा अर्ज. माझे पती म्हणत होते, घेऊ या. सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मा, म्हणत होत्या, नको. मी मधे होते.

चिपळूणकरांना २२ जुलै २०२१ ही तारीख समजावून सांगावी लागत नाही. आदल्या दिवशी बकरी ईद झाली होती. कुरबानीच्या गोश्ताचे वाटे पोहोचवून, भांडी आवरून आम्ही उशिरा झोपलो. पहाटे वाशिष्ठीचं पाणी दारात होतं. आमच्या भिंतीवर २००५च्या २६ जुलैच्या पुराची खूण होती. तिच्या वीतभर वर फळ्या ठोकून आम्ही धान्य आणि कागदपत्रं ठेवत असू. त्या फळ्यांच्याही वर पाणी गेलं. शेजाऱ्यांच्या माडीवर आम्ही सहा जणांनी ती रात्र काढली. अम्मांनी बरोबर फक्त कुरआन शरीफ आणि औषधांची पिशवी घेतली होती.

पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल होता. फ्रिज उताणा, गाद्या दगडासारख्या जड, मुलांची वह्या-पुस्तकं लगदा झालेली. घर पुन्हा उभं राहिलं ते कुवेतमधल्या दिरांनी पाठवलेल्या पैशांवर. सरकारी मदत मिळाली, जमातींनी आणि अनोळखी माणसांनी जेवण, चादरी, भांडी आणून दिली. अल्लाह त्या सगळ्यांना बरकत देवो. पण लादी, वायरिंग आणि दरवाजे चादरींतून होत नाहीत.

अम्मांचा विरोध अडाणीपणाचा नव्हता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. विमा कंपनी आपला पैसा व्याजात गुंतवते. पूर आला तर आपला फायदा, नाही आला तर कंपनीचा, मग हा जुगारच नाही का? आणि शेवटी, ज्याने पाणी पाठवलं त्यानेच मदतही पाठवली, मग भरवसा कागदावर का ठेवायचा?

मी मौलानांकडे गेले. त्यांनी फतवा हातात ठेवला नाही, बाजू समजावून सांगितल्या. इस्लामी देशांच्या संघटनेच्या फिकह अकादमीने १९८५मध्ये व्यापारी विमा नाजायज ठरवला आणि सहकारी तत्त्वावरचा विमा जायज. त्या तत्त्वावर चालतो तो तकाफुल. सगळ्यांनी मदतीच्या नियतीने पैसे टाकायचे आणि ज्याच्यावर संकट येईल त्याला त्यातून द्यायचं. मलेशियात त्यासाठी १९८४मध्ये कायदा झाला. आपल्याकडे मात्र तशी कंपनी नाही. म्हणून भारतातल्या काही उलेमांनी दंगली आणि इथली परिस्थिती पाहून गरजेपुरती मुभा दिली आहे. काहींना ती मान्य नाही. तवक्कुलबद्दल त्यांनी तिर्मिझीतल्या त्या बदूची आठवण करून दिली, ज्याने उंट बांधू की अल्लाहवर सोडू असं विचारलं होतं. आधी बांधायचा आणि मग भरवसा ठेवायचा, हे त्याला मिळालेलं उत्तर आपण सगळे जाणतो. “पण दोरी कोणती वापरायची, हे तुमच्या गरजेवर आणि तुमच्या मनावर आहे,” मौलाना म्हणाले.

दरम्यान पतींनी माहिती काढली. २०२१च्या एप्रिलपासून सर्व सामान्य विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी मिळते. तिच्यात आगीबरोबर पूरही धरलेला आहे. रक्कम ठरवताना जमिनीची किंमत धरायची नाही, घर पुन्हा बांधायला लागेल तेवढा खर्च धरायचा. इमारतीचा विमा घेतला की त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरसामानही आपोआप येतं. भाडेकरूला फक्त सामानाचाही विमा घेता येतो. रोख पैसे त्यात येत नाहीत. दागिन्यांसाठी वेगळं कलम घ्यावं लागतं. हप्ता आमच्या घरातल्या दोन मोबाइलच्या वर्षभराच्या रिचार्जपेक्षा कमी निघाला. आमच्या गल्लीतल्या एकाचा विमा होता, पण सर्व्हेअर येण्याआधीच त्याने भिजलेलं सामान फेकलं होतं आणि एकही फोटो काढला नव्हता. त्याला फार थोडे मिळाले. म्हणून ही गोष्टही लक्षात ठेवायची.

तरी अम्मा बधल्या नाहीत. शेवटी उत्तर कुवेतहून आलं, तेही न विचारता. फोनवर बोलता बोलता जाऊबाईंच्या तोंडून निघून गेलं की त्या वर्षी मुलीच्या प्रवेशासाठी ठेवलेले पैसे इकडे आले, म्हणून तिचं एक वर्ष गेलं. दिरांनी हे कधीच बोलून दाखवलं नव्हतं. अम्मा बराच वेळ तस्बीह हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, “मी अल्लाहवर भरवसा ठेवला असं समजत होते. ओझं मात्र पोराच्या पाठीवर होतं.”

आम्ही विमा घेतला. एका वर्षाचा. मन पूर्ण साफ झालं, असं म्हणणार नाही. व्याजाचा सवाल अजून सलतो. तकाफुल उपलब्ध झाला तर त्याच दिवशी तिकडे वळू, इन्शाअल्लाह. आणि भरपाई घ्यायची वेळ आलीच, तर झालेल्या नुकसानापेक्षा एक रुपयाही जास्त घ्यायचा नाही, असं ठरवलं आहे.

दुसरी गोष्ट अम्मांनी स्वतः केली. गल्लीतल्या आम्हा बारा बायकांची भिशी आहे. यंदापासून प्रत्येक जण भिशीशिवाय महिन्याला शंभर रुपये वेगळ्या डब्यात टाकते. ते परत मागायचे नाहीत. ज्या घरात पाणी शिरेल, त्या घराला ते द्यायचे. त्या डब्याला नाव काही दिलेलं नाही, पण मौलानांनी सांगितलेला तकाफुल यापेक्षा फार वेगळा नसावा.

पॉलिसी आली तेव्हा मी ती कपाटात ठेवायला निघाले. अम्मांनी त्या कागदाला अजूनही हात लावलेला नाही. पण मला थांबवून म्हणाल्या, “तिथे कशाला ठेवतेस? शेजारच्या माडीवर ठेव. खाली ठेवलास तर तोही बुडेल.”