आधी लेन्स, मग कॅमेरा

२०१५च्या उन्हाळ्यात बँकेने माझी बदली नाशिकहून कोलकात्याला केली. घर हाजराजवळ मिळालं. पावसाळा ओसरायला लागला, गल्लोगल्ली दुर्गापूजेच्या मंडपांचे बांबू येऊन पडले आणि बरीच वर्षं पुढे ढकललेली कॅमेऱ्याची खरेदी पूजेच्या आत उरकायची असं मी ठरवलं. डीएसएलआर घ्यायचा हे नक्की होतं. कॅनन की निकॉन, एवढंच ठरायचं होतं. पण कोलकात्यात हा प्रश्न म्हणजे फुटबॉलमधला मोहनबागान की ईस्ट बंगाल असा प्रश्न. समोरचा आधी आपला पक्ष सांगतो, कारणं मग शोधतो.

मला दोन्ही पक्षांचे पुढारी लगेच भेटले. शाखेतले एक वरिष्ठ, सगळ्यांचे दादा, हे कट्टर कॅननवाले. आणि हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात गणेशोत्सवात ओळख झालेले एक काका तितकेच कट्टर निकॉनवाले. काकांची हयात कोलकात्यात गेलेली, बोलण्यात अर्धी बांगला. त्यांच्याकडे फिल्मच्या काळातला निकॉन आणि त्याच्या दोन-तीन लेन्सा जपून ठेवलेल्या. "तू निकॉनच घे. माझ्या लेन्सा तुलाच आहेत," ते म्हणाले. दादांनीही तसंच सांगितलं होतं: कॅनन घेतलास तर माझी पन्नास मिमीची लेन्स लागेल तेव्हा घेऊन जा.

दादांचा मुद्दा बिनतोड होता. कॅननने १९८७ साली आपला जुना माउंट, म्हणजे लेन्स जिथे फिरवून बसवतात ती कडी, मोडीत काढला. जुन्या गिऱ्हाइकांच्या लेन्सा नव्या कॅमेऱ्यांना लागेनाशा झाल्या. पण त्या बदल्यात फोकस करणारी मोटर प्रत्येक नव्या लेन्सच्या पोटातच आली. म्हणून तेव्हापासूनची कुठलीही ईएफ, म्हणजे या नव्या माउंटची, लेन्स कॅननच्या स्वस्तातल्या स्वस्त डीएसएलआरवरही आपोआप फोकस करते. काकांचा मुद्दा निष्ठेचा होता. निकॉनने १९५९ साली निकॉन एफ या कॅमेऱ्याबरोबर जो माउंट आणला, तो कधी सोडला नाही. "छप्पन्न वर्षं एकच कडी!" असं ते अभिमानाने सांगत.

वाद रंगला की मी एक गोष्ट पुढे करायचो. कॅननचा बाजारात आलेला पहिला कॅमेरा, १९३६चा हान्सा कॅनन, त्याच्यावर लेन्स होती निक्कॉर. म्हणजे आज जिला निकॉन म्हणतात त्याच कंपनीने बनवलेली. हे ऐकून दोघांपैकी कुणीही खूश होत नसे.

मेगापिक्सेलवरून भांडणंही झाली. माझ्या आवाक्यात कॅननचा ७००डी आणि निकॉनचा डी५३०० असे दोन कॅमेरे होते. पहिला अठरा मेगापिक्सेलचा, दुसरा चोवीसचा. ऐकायला मोठी तफावत वाटते, पण फोटोची रुंदी मोजली तर ५१८४ ठिपके विरुद्ध ६००० ठिपके. रुंदीत जेमतेम पंधरा टक्क्यांचा फरक. भिंतीवर लावायच्या फोटोत तो ओळखू येणार नाही. कॅननचा टचस्क्रीन मला आवडला, निकॉनची पकड आवडली. अशा कारणांवर काहीच ठरेना.

शेवटी दादा म्हणाले, कागदावर भांडू नकोस, माझा कॅमेरा ने आणि मूर्तिकारांच्या कुमारटुलीला जाऊन ये. त्यांच्या ७००डीवर कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ मिमीची झूम, म्हणजे किट लेन्स, होती. रविवारी सकाळी जतीन दास पार्कहून मेट्रोने शोभाबाजारला उतरलो आणि चालत कुमारटुलीत शिरलो. कॅमेरेवाल्यांकडून तिथली मूर्तिकारांची समिती थोडे पैसे घेते, ते भरले. दोन्ही बाजूंना कारखाने, मधली गल्ली दोन माणसं अंग चोरून जातील एवढी. बांबूच्या सांगाड्यावर पेंढा बांधून केलेली धडं, त्यावर गंगेची चिकणमाती लिंपलेली, काही मूर्ती अजून शिराविना. वर ताडपत्री आणि प्लॅस्टिक, आत एखादा बल्ब. मूर्ती आणि माझ्यात अंतर किती, तर हात लांब केला की बोट लागेल इतकं.

तिथे काढलेले फोटो रात्री घरी मोठे करून पाहिले. मूर्ती सगळ्या स्पष्ट आणि कारागिरांचे हात सगळे पुसलेले. किट लेन्सला थरथर सावरणारी यंत्रणा असते, ती माझा हात सावरते. समोरच्याचा हात ती थांबवू शकत नाही. त्याला शटर वेगाने उघडून मिटायला हवं, आणि त्यासाठी लेन्समधून जास्त उजेड यायला हवा. ३५ मिमीला किट लेन्सचं तोंड फार तर एफ ४.५पर्यंत उघडतं; एफचा आकडा लहान तितकं तोंड मोठं. एफ १.८च्या लेन्समधून त्याच्या सहापट उजेड येतो. हिशेब सोपा आहे: ४.५ला १.८ने भागायचं आणि आलेल्या अडीचचा वर्ग करायचा. सहापट उजेड म्हणजे जिथे शटर सेकंदाच्या पंधराव्या भागाचं लागत होतं, तिथे शंभराव्या भागाच्या जवळ येणार. माती लिंपणारा हात त्यात थांबतो.

म्हणजे दुसरी लेन्स मोठ्या तोंडाची, न झूम होणारी घ्यायची, हे त्या रात्रीच कळलं. पण किती मिलिमीटरची? त्याचंही उत्तर त्याच फोटोंमध्ये होतं. प्रत्येक डिजिटल फोटोच्या पोटात तो कोणत्या फोकल लेंग्थला, म्हणजे किती मिलिमीटरला, काढला ते नोंदलेलं असतं. मी एकेक उघडून आकडे वहीत मांडले. पुढचे काही रविवार कॉलेज स्ट्रीट, मल्लिक घाटचा फुलबाजार, ट्राम असं हिंडून त्यांत भर घातली. ढीग पडला तो तिशीच्या आगेमागे. पन्नासला काढलेले फोटो अगदी कमी, आणि जे होते त्यांत कुणाचं तरी कपाळ किंवा कोपर कापलं गेलेलं. असं होणारच. या कॅमेऱ्यांचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीहून लहान. कॅननवर पन्नासची लेन्स ऐंशीसारखी वागते, निकॉनवर पंचाहत्तरसारखी. चेहऱ्याच्या फोटोला ती उत्तम, पण कुमारटुलीत मागे सरकायला भिंत आड येते. पस्तीसची लेन्स मात्र जवळजवळ डोळ्यांना दिसतं तेवढंच दाखवते.

दादांनी देऊ केलेली पन्नासची त्यामुळे बाद झाली. काकांच्या लेन्सांचं काय, हे मेट्रो गलीत समजलं. एस्प्लनेडला मेट्रो सिनेमाच्या मागची ही गल्ली कॅमेऱ्यांची. नवे कॅमेरे, जुने कॅमेरे, भाड्याचे कॅमेरे, आणि एवढ्याशा टेबलावर लेन्स उघडून बसलेले दुरुस्तीवाले. काकांची फिल्मच्या काळातली पन्नासची ऑटोफोकस लेन्स मी बरोबर नेली होती. दुरुस्तीवाल्याने ती घेतली आणि पहिला प्रश्न केला, "दादा, की तुलबेन?" काय काढणार आहात? मी कुमारटुली म्हटलं. त्याने लेन्स उलटी केली आणि मागच्या कडीवरची बारीक खाच दाखवली. या लेन्समध्ये मोटर नाही. कॅमेऱ्यातली मोटर एका छोट्या पात्याने ही खाच फिरवते आणि मग फोकस होतो. डी५३००मध्ये ती मोटर निकॉनने ठेवलेलीच नाही. लेन्स बसेल, फोटोही निघेल, पण फोकस हाताने. कडी छप्पन्न वर्षं तीच, हे काकांचं म्हणणं खरंच होतं. मोटरीचं काय झालं ते त्यांच्या जुन्या कॅमेऱ्यावर कधी कळलंच नव्हतं.

मग त्याने खिशातला टॉर्च लेन्सच्या एका टोकाला धरला आणि दुसऱ्या टोकातून मला पाहायला लावलं. काचेच्या कडेला बारीक पांढरे तंतू. फंगस. दमट हवेत लेन्स बंद कपाटात पडून राहिली की काचेवर बुरशी धरते आणि फार दिवस राहिली तर वरचा लेप खाते. पुढे या शहरात जुनी लेन्स बघताना मी टॉर्च लावल्याशिवाय किंमतही विचारली नाही.

आता यादी छोटी होती. पस्तिशीच्या आसपासची, मोठ्या तोंडाची, आपोआप फोकस करणारी आणि परवडणारी लेन्स. निकॉनकडे ३५ मिमी एफ १.८जी होती, २००९पासूनची, खास लहान सेन्सरसाठी केलेली. वजन दोनशे ग्रॅम, मोटर लेन्समध्येच. कॅननकडे त्या किमतीत तिच्या जोडीचं काही नव्हतं. त्यांची ३५ मिमी एफ २ चांगली, पण बरीच महाग. २४ मिमी एफ २.८ स्वस्त आणि बिस्किटाएवढी चपटी, पण उजेड एफ १.८च्या निम्म्याहून कमी. पन्नासची एफ १.८ सर्वांत स्वस्त, पण ती बाद झालेली. सिग्माची ३० मिमी एफ १.४ कॅननला बसणारी मिळत होती, मात्र किंमत जास्त आणि वजन दुपटीहून अधिक. तेव्हा महिनाभर अडलेला प्रश्न आपोआप सुटला. ही लेन्स निकॉनची, म्हणून कॅमेरा निकॉनचा. पक्ष्यांमागे संत्रागाछीच्या झिलावर थंडीत फिरणारा एखादा हीच वही मांडून बसला असता तर २५० किंवा ३०० मिमीच्या झूमपाशी पोचला असता, आणि कदाचित कॅननच्या दुकानात.

दुकानदाराने शेवटपर्यंत डबल झूम किटचा आग्रह धरला. दोन झूम घेतल्या की सगळं येतं, बहुतेक लोक तेच नेतात, असं त्याचं म्हणणं. त्याचंही चुकीचं नव्हतं. काय काढायचं ते ठरलेलं नसेल तर तोच सौदा बरा. मी १८-५५ आणि पस्तीस घेतली, पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी मागून घेतली. तिथून जवळच तेव्हा बोर्न अँड शेफर्डचा स्टुडिओ अजून उघडा होता. एकोणिसाव्या शतकातला हा स्टुडिओ २०१६ साली बंद झाला. सॅम्युअल बोर्न काचेच्या प्लेटा, रसायनं आणि तंबू हमालांच्या पाठीवर लादून हिमालयात फोटो काढायला जायचा. माझं सगळं सामान खांद्यावरच्या झोळीत मावलं होतं.

महालयाच्या सुमारास पुन्हा कुमारटुलीत गेलो. देवीचे डोळे रंगवायचे ते दिवस. मूर्तिकार शिडीवर, हातात बारीक कुंचला, आणि मी दीड मीटरवर. एफ १.८ला इतक्या जवळून वीतभरही खोली स्पष्ट येत नाही. डोळ्यावर फोकस केला की कान धूसर. सुरुवातीला ते खटकलं, मग कळलं की मागची ताडपत्री, दोऱ्या, लोंबणाऱ्या वायरी हे सगळं त्याच धूसरपणात विरघळतं. कुठे नको वाटलं तर तोंड एफ २.८पर्यंत मिटवायचं. पूजेच्या रात्री मंडपात तिपाई उभी करायला जागा नसते आणि गर्दी मागून ढकलत असते. तिथेही हीच लेन्स चालली. किट लेन्स मग बहुतेक दिवसाउजेडी आणि घरच्यांचे मोठे ग्रुप फोटो काढायलाच बाहेर निघू लागली.

याच शहरात छायाचित्रकार निमाई घोष राहत. सत्यजित राय यांचे फोटो त्यांनी जवळजवळ पंचवीस वर्षं काढले, तेही फ्लॅश टाळून, आहे त्या उजेडात. त्यांची सुरुवात ज्या कॅमेऱ्याने झाली तो होता कॅननचा कॅनोनेट, कुणीतरी टॅक्सीत विसरलेला. त्याची लेन्स बदलताच येत नसे. पुढे ते निकॉन वापरू लागले. दादांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी कॅनोनेट तेवढा लक्षात ठेवला, काकांनी निकॉन.

आज नव्याने खरेदी करायची तर हाच हिशेब मला वेगळ्या ठिकाणी नेऊन सोडेल. २०१८ साली दोन्ही कंपन्यांनी आरशाशिवायच्या कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट आणले. दादांच्या जुन्या लेन्सा अडॅप्टर लावून कॅननच्या नव्या कॅमेऱ्यावर आपोआप फोकस करतात. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मोटर नाही, त्यामुळे काकांची पन्नासची तिथेही हातानेच फिरवावी लागते. दुसरीकडे, सिग्माने लहान सेन्सरसाठीच्या आपल्या ३० मिमी एफ १.४सारख्या लेन्सा २०२३मध्ये निकॉनच्या आणि २०२४मध्ये कॅननच्या नव्या माउंटसाठी जाहीर केल्या. ज्या एका लेन्सने माझा कौल फिरवला, तिच्यासारखी आता दोन्ही घरांत मिळते.

मात्र पद्धत मी बदललेली नाही. महाराष्ट्र निवासात नवीन बदलून आलेलं कुणी विचारतं, कुठला घेऊ? मी म्हणतो, उसना कॅमेरा घेऊन महिनाभर हिंडा आणि फोटोंच्या पोटातले आकडे लिहून आणा. मागे एक गृहस्थ आणून दाखवायला आले. त्यांचा मुलगा मैदानात फुटबॉल खेळतो. त्यांचे सगळे आकडे ५५ला जाऊन थडकलेले, म्हणजे किट लेन्स संपते तिथेच. त्यांना झूमच हवी होती. कुठल्या कंपनीची परवडते ते पाहून त्यांनी त्या कंपनीचा कॅमेरा घेतला. पोराचे फोटो झकास येतात. कंपनी कुठली, ते मला आता आठवत नाही.