पाताळगंगेला, उन्हाळ्यातल्या पाण्याविषयी

कळंबोली, नवी मुंबई

प्रिय पाताळगंगे,

एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या कितीतरी नद्यांचे खडक उघडे पडतात, पाणी डोहांपुरतं उरतं. तू मात्र खोपोलीपासून खाली वाहत असतेस. हे पाणी तुझ्या खोऱ्यातलं नाही, हे नवी मुंबईत फार थोड्यांना ठाऊक आहे.

ते पडतं घाटमाथ्यावर, लोणावळ्याला. तिथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. उतार पूर्वेकडे, म्हणून इंद्रायणी, भीमा, कृष्णा अशा वाटेनं ते बंगालच्या उपसागराला जायचं. टाटांनी लोणावळा, वळवण, शिरवता इथे ते अडवलं, नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली आणलं आणि १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं. वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. जनित्रं फिरवून सुटलेलं पाणी तुझ्या पात्रात आलं.

तेव्हापासून पावसाळ्यात तू आभाळाची आणि उरलेले आठ महिने वीजघराची. तिथली निर्मिती घटली की तुझी पातळी उतरते. भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होऊन पनवेल-कळंबोलीकडे येतं ते तुझंच पाणी. रसायनीचे कारखानेही तुझ्यावरच. वाशी-नेरूळला पाणी देणारं मोरबे धरण तुझ्या धावरी या उपनदीवर आहे.

दुसऱ्या खोऱ्यातलं पाणी पिणारे आपण एकटेच नाही. केनियात नैरोबी शहर अथी नदीच्या खोऱ्यात वसलंय, पण पितं टाना खोऱ्यातल्या थिका नदीचं पाणी. तिकडे निदान पाऊस दोनदा येतो, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. आपल्याकडे एकदाच.

भीमेकाठचे, सोलापूरकडचे लोक घाटमाथ्यावरचं पाणी परत मागतात. त्यांचा मला राग येत नाही. दुष्काळ सोसणाऱ्यांनी मागायचं नाही, तर कुणी? पण ते पूर्वेला वळलं तर मार्चनंतर तुझ्यात काय वाहील? कारखान्यांचं सांडपाणी आज ज्या प्रवाहात विरळ होतं, तोच आटेल.

म्हणून माझी मागणी सिडकोकडे आणि नवी मुंबई, पनवेल या दोन्ही महापालिकांकडे आहे. नव्या टॉवरला परवानगी देण्याआधी, खोपोलीचा विसर्ग निम्मा झाला तर नळाला किती पाणी येईल, हे लेखी जाहीर करा. आणि धरमतरच्या खाडीपर्यंत पात्रात किमान किती पाणी ठेवणार, तो आकडाही त्याच कागदावर लिहा.

तुझं पाणी पिणारा,
एक कळंबोलीकर