सायलेन्सरचे पॅकिंग

मोटारीच्या सुट्या भागांत सायलेन्सरच्या पॅकिंगइतका दुर्लक्षित भाग क्वचितच असेल. इंजिनात जळलेला वायू प्रथम मॅनिफोल्डमध्ये येतो आणि तेथून नळीवाटे सायलेन्सरकडे जातो. मॅनिफोल्ड आणि नळी यांची लोखंडी तोंडे कितीही घट्ट आवळली, तरी ती परस्परांना सर्वत्र भिडत नाहीत. मधली फट बुजविण्यासाठी जी पातळ चकती घालतात, तिला पुस्तकात गॅस्केट आणि गॅरेजमध्ये पॅकिंग म्हणतात.

आमच्या घरी जुनी मारुती ओम्नी आहे. १९८४ साली ‘मारुती व्हॅन’ म्हणून रस्त्यावर आलेल्या या गाडीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले; तथापि आमच्या धाराशिव जिल्ह्याच्या रस्त्यांवर ती अजून दिसते. तिचे इंजिन पुढच्या बैठकीखाली असते. म्हणजे चालक आणि त्याच्या शेजारचा माणूस अक्षरशः इंजिनावर बसलेले असतात. माझ्या शेजारी वडील बसत. डायलिसिससाठी त्यांना आठवड्यातून दोनदा तुळजापूरच्या वाटेने सोलापूरला न्यावे लागे.

गाडीची पुढची नळी गंजून गेली, तेव्हा कंपनीची नळी मिळेना. म्हणून एका गॅरेजमध्ये बाजारात मिळणारी दुसऱ्या बनावटीची नळी बसवून घेतली. त्यानंतर सकाळी गाडी सुरू करताच बैठकीखालून बारीक फटफट ऐकू येऊ लागली. इंजिन तापले की आवाज मंदावे. दिवस थंडीचे होते. काचा बंद असत. वडिलांचे डोके दुखू लागले. डायलिसिसनंतर डोके दुखणे, थकवा येणे हे नित्याचेच, असे घरातली मंडळी म्हणत. एके दिवशी वडील म्हणाले, “अरे, येतानाच नव्हे, जातानाही डोकं धरतं.” डोके माझेही जड होत होते, आणि मला तर कसलाच आजार नव्हता. दोघांत समान होती ती गाडी.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट बिलगतो आणि प्राणवायूची जागा अडवितो. प्रथम डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. मात्रा वाढली तर माणूस झोपेतच जातो. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाचे हिमोग्लोबिन बहुधा आधीच कमी असते. अशा माणसाला थोडी गळतीही फार. गाडी दुरुस्त होईपर्यंत वडिलांना एस.टी.ने नेण्याचे मी ठरविले.

पॅकिंगच्या शोधात सोलापूरच्या दुकानांत फिरलो. जेथे जावे तेथे पहिला प्रश्न, “गाडी कोणती? साल कोणतं?” उत्तर ऐकताच दुकानदार कंपनीच्या मापाचे पॅकिंग पुढे करी. ते अस्सल असे, बोल्टची भोकेही जुळत. परंतु आमच्या नव्या नळीचे मुख मूळ नळीपेक्षा रुंद होते. त्यामुळे चकतीचा आतला काठ वायूच्या वाटेत येई. पहिले पॅकिंग नेमके त्याच काठाकडून जळत गेले होते.

अखेर तुळजापूरच्या एका वृद्ध मिस्त्रींनी मार्ग दाखविला. ते म्हणाले, “गुरुजी, गाडीचं नाव इथं कामाचं न्हाई. ह्या दोन तोंडांचं माप घ्या.” त्यांनी नळी सोडविली. तोंडावर कागद ठेवून तेलकट अंगठ्याने ठसा उमटविला. आतल्या भोकाचा व्यास, दोन बोल्टांमधले अंतर आणि जुन्या चकतीची जाडी व्हर्नियरने मोजली. मग तोंडावर पोलादी पट्टी आडवी धरली, तर एका बाजूने उजेड दिसला. तोंड वाकले होते. ते लेथवर सपाट करून घेतल्यावाचून कोणतेही पॅकिंग टिकले नसते.

उरला प्रश्न चकती कशाची असावी हा. तेलाच्या सांध्याला चालणारा बूच किंवा रबर येथे जळून जातो. येथील उष्णता कित्येक शे अंशांची असते. पूर्वी ॲस्बेस्टॉस वापरीत. पण त्याची धूळ फुप्फुसांना घातक. म्हणून जुनी चकती कोरडी खरवडून फुंकू नये, असे मिस्त्रींनी बजावले. आम्ही पत्र्याचा गाभा असलेली ग्राफाईटची चकती मापाप्रमाणे करून घेतली. नट एकदम न आवळता आळीपाळीने थोडे थोडे आवळले.

दुसऱ्या सकाळी फटफट नव्हती. वडिलांना पुन्हा ओम्नीतून नेऊ लागलो. जाताना धरणारी डोकेदुखी थांबली. डायलिसिसनंतरचा थकवा तेवढा राहिला, आणि तो औषधोपचाराचा भाग होता.

या अनुभवातून एक गोष्ट पटली. सांध्यातल्या वस्तूची योग्यता तिच्या पाकिटावरील नावावरून ठरत नाही. ज्या दोहोंना ती जोडणार, त्या दोहोंच्या मापावरून ठरते. त्यांपैकी एक बदलले, की जुने नाव उपयोगाचे राहत नाही. वाचकहो, गाडीत बाहेरचा भाग बसविला असेल, तर पॅकिंग घेण्यास जाताना तो भागच बरोबर न्यावा. आणि थंड इंजिन सुरू करताना फटफट ऐकू आली, सांध्याभोवती काजळी दिसली किंवा प्रवासात सर्वांचीच डोकी दुखू लागली, तर काचा उघडाव्या, गाडी थांबवून खाली उतरावे आणि प्रथम सांधा तपासून घ्यावा.