दाव्याची गाठ

यंदा वारीला निघण्याआधी तुमच्या गोठ्यातल्या दाव्याची गाठ एकदा नीट बघा. एवढे सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

आमचे गाव कर्जत तालुक्यात, उल्हास नदीच्या काठी. उन्हाळ्यात नदीत गुरे गुडघाभर पाण्यात उभी असतात. पावसाळ्यात मात्र गावात ऊन असले तरी विश्वास ठेवू नये. वर राजमाची-खंडाळ्याकडे ढग फुटला की थोड्याच वेळात गढूळ पाणी खालच्या आळीत येते. हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. तरीही जे व्हायचे ते झालेच.

२००५ साल. आषाढी १८ जुलैला झाली. लावणी भावाच्या अंगावर टाकून मी पंढरीला गेलो होतो आणि नुकताच परतलो होतो. २६ जुलैला मंगळवारी आभाळ कोसळले. मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे तुम्ही ऐकलेच असेल. संध्याकाळी आमच्याकडे पाणी वाढू लागले, तसे आम्ही बायकापोरांसह उंचावरच्या शाळेत गेलो. आईने गाय-वासरू सोडले, शेळ्या पुढे घातल्या. आमचा कुत्रा मोती दुपारपासून बिथरला होता, सारखा पायांत येत होता. मीच त्याला पडवीच्या खांबाला साखळीने बांधले होते. पडवीपर्यंत पाणी कधी आले नव्हते. तो तिथेच बरा, असे म्हणून मी निघालो.

शाळेत अंधार. पोरे रडत होती. आमच्या भजनी मंडळात मी पखवाज वाजवतो, दोन गोष्टी सांगतोही. म्हणून त्यांना नामदेवरायांची गोष्ट सांगितली. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही. गोष्ट संपली आणि माझी सात वर्षांची लेक म्हणाली, "बाबा, आपला मोती?"

मी उठलो. आळीत छातीएवढे पाणी, त्याला ओढ. दोघांनी मला धरून मागे आणले. पहाटे पाणी उतरल्यावर गेलो तेव्हा साखळी खांबाला तशीच होती. पुढचे लिहीत नाही. लेक कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि मी ती गोष्ट पुन्हा कधी सांगितली नाही.

माउली, मोतीला पुराने मारले असे लोक म्हणतात. तो पोहणारा कुत्रा होता. त्याला साखळीने मारले, आणि साखळी माझी होती.

त्याच वर्षी ऑगस्टअखेर अमेरिकेत कतरिना वादळ आले. न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले. कित्येक माणसांनी घर सोडायला नकार दिला, कारण सुटका करणारे कुत्र्या-मांजरांना नेऊ देत नव्हते. दुसऱ्या वर्षी, २००६ मध्ये, त्या देशाने कायदाच केला की आपत्तीत लोकांना हलवण्याच्या योजनेत त्यांची जनावरेही धरली पाहिजेत. आपल्याकडे डोंगरावरच्या माणसाला खाली चला म्हटले की तो पहिले विचारतो, शेळ्यांचे काय? त्याला अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. त्याची शेळी म्हणजे त्याची बँक, आणि घरातले माणूसही.

लेक आता खालापूर तालुक्यात, चौकच्या बाजूला दिली आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकरांची वाडी, वर जायला गाडीरस्ता नाही. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण सापडलेच नाहीत. रात्री दरड आली की माणसालाच पळायला वेळ नसतो, गोठ्यापर्यंत कोण पोचणार? म्हणून धोक्याच्या जागी पावसाचा जोर वाढताच, उजेड आहे तोवर, माणसे आणि जनावरे बरोबरच हलवावी लागतात.

तर गाठीचे. दाव्याला सुरगाठ मारा, एका हिसक्यात सुटणारी. निरगाठ भिजली की आवळते आणि अंधारात सुटत नाही. गोठ्याच्या दाराशी कोयता अडकवून ठेवा. पाणी चढू लागले आणि सोबत नेता येत नसेल, तर सोडून द्या. सुटलेले जनावर उंचवटा शोधते. कोंबड्यांचे खुराडे उघडा, नाहीतर डालग्यात घालून न्या. मांजर घाबरले की माळ्यावर दडून बसते, म्हणून झाकणाची टोपली आधीच हाताशी हवी.

वादळाचे वेगळे. ३ जून २०२०, वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधी निसर्ग चक्रीवादळ आपल्या रायगडात आले. ते येणार हे आधी कळले होते, म्हणून आम्ही शेळ्या, वासरू, कुत्रा सगळी माजघरात घेतली. पत्र्याखाली कोणाला ठेवले नाही. उडालेला पत्रा कोयत्यासारखा कापतो. घरभर लेंड्या झाल्या, बायको दोन दिवस पुटपुटत होती. पण सगळी जगली.

विजेच्या दिवसांत झाडाखाली गुरे बांधू नका. वीज जमिनीतून पसरते. गुरांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर मोठे असते, म्हणून तो धक्का त्यांच्या अंगातून जातो. जवळचा माणूस एखादे वेळी वाचतो, गाय वाचत नाही. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाआधी टोचून घ्या. जनावर आजारी पडले तर १९६२ या नंबरावर पशुवैद्यकाची गाडी मिळते.

आणि वारीचे. आपण निघतो तो ज्येष्ठ-आषाढाचा काळ, म्हणजे कोकणातल्या सगळ्यात जोराच्या पावसाचा. घराची किल्ली शेजाऱ्याकडे देतो, तशी जनावरेही नीट सोपवा. वैरण कुठे आहे एवढे सांगून भागत नाही. त्याला गोठ्यात नेऊन गाठ त्याच्या हाताने सोडायला लावा. एकदा नाही, दोनदा.

मी आता असेच करतो. तरी वाटेत, मुक्कामाला, पावसाची बातमी आली की चौकहून लेकीचा फोन येतो. रामकृष्णहरी म्हणायच्या आधी ती विचारते, "बाबा, काकांनी सोडलं का?"